पुस्तक आहे, पण सापडत नाही





मागच्या सत्रातील गोष्ट. नववीतील एक विद्यार्थिनी शाळेच्या ग्रंथालयात आली. तिला प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ हवे होते. तिने संगणकावर नाव टाकले. नोंद नाही, असे उत्तर आले. तिने पुन्हा टाकले, लेखकाचे नाव टाकून पाहिले, पण तिथे ‘संत’ म्हटल्यावर ज्ञानेश्वर-तुकारामांपासून सर्व संतचरित्रांची रांग लागली आणि बिचारी कंटाळली. हे सर्व दाराशी उभे राहून पाहणारे आपले शिपाई मामा आत आले, तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवरून त्यांनी पुस्तक काढले आणि तिच्या हातात ठेवले. “हे की. हितंच आसतंय नेहमी,” एवढेच म्हणाले.

मग आम्ही शोध घेतला. नोंद होती. फक्त ती ‘बनवास’ या नावाखाली होती, आणि ती आमच्याच हातची होती. आमची मातृभाषा मराठी असली तरी वडिलांच्या नोकरीमुळे आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत वनवासाला बनवासही म्हणतात. मे महिन्याच्या सुटीत, घामाघूम अवस्थेत, शंभर-दीडशे नोंदी टंकल्यावर बोटांनी आपली जुनी सवय दाखवली. एका अक्षराचा फरक, आणि पुस्तक कपाटात असूनही शाळेत नसल्यासारखे झाले. शिपाई मामा पुढल्या वर्षी निवृत्त होत आहेत. ते गेल्यावर हे पुस्तक कोणी काढून दिले असते?

या प्रसंगामुळे ग्रंथसूची या विषयावर लिहावे असे मनात आले. विषय रुक्ष वाटेल. पण विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ग्रंथालयाच्या जागेचा प्रश्न येणार आहे, जुनी रजिस्टरे आणि हस्तलिखिते यांचे काय करायचे हेही ठरणार आहे. तेव्हा सर्वांना थोडी पूर्वपीठिका माहीत असलेली बरी.

आजच्या मुलांनी कार्डांची पेटी पाहिलेली नाही. लाकडी, लहान लहान खणांची, प्रत्येक खणात पोस्टकार्डाहून लहान कार्डे आणि ती निसटू नयेत म्हणून खालून आरपार गेलेली एक सळई. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे असत: एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे, एक विषयाचे. शिवाय काही कार्डांवर पुस्तक नसेच, नुसता निरोप असे. ‘गोविंदाग्रज: पाहा, गडकरी, राम गणेश.’ ‘आरती प्रभू: पाहा, खानोलकर, चिं. त्र्यं.’ हे ‘पाहा’ कार्ड आम्हाला अजूनही सूचीशास्त्रातली सर्वांत उदार कल्पना वाटते. वाचकाला अर्धवट माहिती असेल हे तिथे आधीच गृहीत धरलेले असते, आणि त्याला न हिणवता योग्य दारापर्यंत पोचवलेले असते. संगणकाने त्या विद्यार्थिनीला ‘नोंद नाही’ म्हटले. कार्डाने तसे म्हटले नसते, निदान शेजारचे कार्ड तरी दाखवले असते.

पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा चिकटवलेला असतो तो बहुधा ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाच्या पद्धतीतला असतो. १८७६ साली मेलविल ड्युई यांनी सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि त्यांचे पुन्हा दहा-दहा करत गेले. पद्धत सोयीची आहे, पण मांडणाऱ्याचे घर तिच्यात दिसते. धर्माच्या वर्गातले बहुतेक आकडे ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी साऱ्या जगाचे धर्म शेवटच्या २९० मध्ये कोंबलेले, त्यात हिंदू धर्म २९४.५. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४. एक आर्य कुलातली भाषा, दुसरी द्राविड कुलातली, म्हणून दोन्हींच्या मध्ये रशियन, पोलिश, अरबी, तुर्की अशा किती तरी भाषांचे आकडे येतात. बेळगाव-निपाणीकडच्या घरात या दोन भाषा एकाच स्वयंपाकघरात बोलल्या जातात, पण ड्युईच्या कपाटात त्यांची भेट व्हायची नाही. आपल्याकडचे गणिताचे प्राध्यापक आणि पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण ही स्वतंत्र पद्धत काढली. ती बुद्धीला फार पटते. शाळेत मात्र ड्युईच चालतो, कारण शिकवणारे तेच शिकवतात.

आता मराठीपुरते बोलू. मराठीत आजवर छापले गेले काय काय, याची एकत्र यादी करण्याचे काम कोणा सरकारी खात्याने नव्हे, तर मुख्यत: एका माणसाने अंगावर घेतले. त्यांचे नाव शंकर गणेश दाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन भाग आहेत. पहिल्यात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० एवढ्या काळातली पुस्तके आहेत. दीडशे वर्षांतले मराठी पुस्तक आहे की नाही, कोणी छापले, किती पानांचे, हे आजही तिथेच पाहतात. पुढे १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूचीही दात्यांनी दिनकर विनायक काळे आणि शंकर नारायण बर्वे यांच्यासोबत केली. शब्दकोशाचे दाते ते हे नव्हेत, ते यशवंत रामकृष्ण. या दोघांची गल्लत आम्हीही पुष्कळ वर्षे करीत होतो. त्यासाठीसुद्धा एक ‘पाहा’ कार्ड हवे होते.

दात्यांची सूची १९५० ला थांबते आणि आपल्या भागाची अडचण त्यानंतर सहाच वर्षांनी सुरू होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, नंतर ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. १८६७ च्या मुद्रण कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रांताने आपल्या हद्दीत छापलेल्या पुस्तकांची यादी ठेवायची असे. म्हणजे १९५६ नंतर बेळगावात किंवा निपाणीत एखाद्या छापखान्यात निघालेले मराठी पुस्तक महाराष्ट्राच्या नव्हे, दुसऱ्या राज्याच्या यादीचा विषय झाले. तिथे ते कन्नड पुस्तकांच्या मोठ्या राशीत. मराठीचा अभ्यासक पुण्या-मुंबईत बसून शोधणार, तो या यादीकडे कशाला वळेल? १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणे बंधनकारक आहे आणि १९५८ पासून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीही निघू लागली, पण तिच्यात सर्व भाषांची पुस्तके रोमन लिपीत नोंदवण्याची रीत पडली. आणि खरे सांगायचे तर गावातल्या शिक्षकाने पदरमोड करून काढलेल्या पन्नास पानी कवितासंग्रहाची प्रत कोलकात्याला पाठवायची असते, हे त्या शिक्षकालाही ठाऊक नसते. १८६७ चा तो कायदाही आता गेला. २०२३ साली आलेला नवा कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे.

ग्रंथालयांचेही तसेच. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. त्याच साली पुण्याचे नगर वाचन मंदिर निघाले आणि १८५० साली कोल्हापूरचे. तेव्हा ही एकाच ओळीतली भावंडे होती. आज दोघे एका राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आणि एक दुसऱ्या राज्याच्या १९६५ च्या कायद्याखाली. निपाणीची तर गंमतच आहे. निपाणीच्या मुलांचे देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. सकाळी कर्नाटकातून निघायचे, दुपारी महाराष्ट्रातल्या ग्रंथालयातून पुस्तक घ्यायचे आणि संध्याकाळी कर्नाटकात येऊन वाचायचे. मुलांना यात काही विशेष वाटत नाही. सूची करणाऱ्याला मात्र दोन्ही तीरांवर जावे लागते.

अशा भागातल्या पुस्तकांना संगणक वरदान ठरायला हवा. यादी कुठेही ठेवा, ती सगळीकडून दिसते. मग आपल्या शाळेत तसे का झाले नाही, हेही सांगतो, कारण त्यात आमचा वाटा आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी, आम्ही इथे सहशिक्षक असताना, शाळेच्या ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले. काम बाहेर दिले होते. त्या वेळी समारंभ झाला, नारळ फुटला, आणि यादी सीडीवर आल्यामुळे कार्डांची पेटी अडगळ ठरली. पेटीचे सागवान चांगले होते, ते कोणीतरी नेले. कार्डे रद्दीत गेली. त्या बैठकीत होकार देणाऱ्यांत आम्हीही होतो. चार-पाच वर्षांनी संगणक बदलला आणि सीडी उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि अर्धविराम यांची खिचडी. सुमारे तीन हजार पुस्तकांची यादी डोळ्यांसमोर होती आणि एकही नाव वाचता येत नव्हते.

असे का होते ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. त्या काळात देवनागरीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट असत. ते इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र चिकटवत. फाँट आहे तोवर ‘क’ दिसतो, फाँट गेला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. आणि प्रत्येक कंपनीची चिकटवण्याची जागा वेगळी. युनिकोडने हे संपवले. त्यात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वत:चा कायमचा क्रमांक आहे. ‘क’चा २३२५. ‘ल’चा २३५४ आणि ‘ळ’चा २३५५, अगदी शेजारी शेजारी. आम्हाला हे पाहून बरे वाटले, कारण हिंदी माध्यमात आमच्या कित्येक वर्षांच्या शालेय वह्यांत टिळकांचे तिलक झालेले होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे, म्हणजे आमचे संगणकीकरण झाले तेव्हा योग्य मार्ग उपलब्ध होता. विचारायला हवे होते, ते आम्ही विचारले नाही.

मग वाचवले कशाने? दाखल नोंदवहीने. पुस्तक शाळेत आले की त्याला दाखल क्रमांक देऊन ज्या जाड कापडी बांधणीच्या रजिस्टरात ओळ लिहितात, ती. लेखापरीक्षणाला लागते म्हणून केवळ ती रद्दीत गेली नव्हती. निळ्या-काळ्या शाईतली ती अक्षरे पन्नास-साठ वर्षांनीही वाचता येत होती. त्यावरून आम्ही काही शिक्षकांनी दोन सुट्यांत यादी पुन्हा युनिकोडमध्ये टंकली. ‘बनवास’ तेव्हाचा. आता ती यादी कोहा या प्रणालीत घालण्याचा विचार आहे. कोहा न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने २००० च्या सुमारास करून घेतली आणि सर्वांना विनामूल्य खुली केली. त्या शब्दाचा माओरी भाषेतला अर्थच भेट असा आहे. आपल्याकडे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. दोन्हींत मराठी चालते, आणि मुख्य म्हणजे दोन्हींतून यादी बाहेर काढून दुसरीकडे नेता येते. हा शेवटचा प्रश्न यापुढे प्रत्येक विक्रेत्याला आधी विचारायचा, असे आम्ही स्वत:शी ठरवले आहे.

पण युनिकोड आला म्हणजे सर्व झाले असे नाही. मराठीचे स्वत:चे काही पेच आहेत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि व्युत्पत्तीसाठी म्हणून दिले जाणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरें’ असे छापलेले असते. बेळगांवही अनुस्वारासह. आजचा विद्यार्थी ‘बेळगाव’ शोधणार आणि जुने पुस्तक ‘बेळगांव’ नावाखाली गप्प बसून राहणार. वरून २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, इंग्रजी कागदांत त्यापूर्वीचे ‘बेलगाम’ आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत वेणुग्राम. कोणते नाव खरे हा वाद आम्ही इथे आणत नाही, तो आपल्या सर्वांच्या घरी पुरेसा आहे. सूचीला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. तिला ही सगळी नावे एका गावाला बांधून ठेवावी लागतात, म्हणजे कोणतेही नाव घेऊन आलेला माणूस त्याच गावात पोचतो.

दुसरा पेच अक्षराच्या आतला. ‘तऱ्हा’ या शब्दातला तो पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, क्रमांक वेगळे. ‘ॲ’ या अक्षराला स्वत:चा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या नोंदींत तो ‘अ’वर चंद्र काढून केलेला आहे. याचे चांगले उदाहरण म्हणजे शं. बा. जोशी. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे हे मोठे कन्नड संशोधक. त्यांनी मराठीत ‘मऱ्हाटी संस्कृती’ लिहिले. त्या पहिल्याच शब्दात तो पापणीचा र. एका पद्धतीने नोंदवले आणि दुसऱ्या पद्धतीने शोधले तर पुस्तक सापडणार नाही, आणि न सापडण्याचे कारण डोळ्यांना दिसणारही नाही. त्यातून हे लेखक कन्नड सूचीत ‘शंबा जोशी’ असतात.

अशी माणसे आपल्या भागात एकदोन नाहीत. द. रा. बेंद्रे धारवाडचे, मातृभाषा मराठी, कन्नडातले थोर कवी, १९७३ साली ज्ञानपीठ. ते कन्नडात ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहीत आणि त्यांनी मराठीतही लिहिले. काका कालेलकर काही काळ बेळगावात शिक्षक होते. त्यांना आम्ही हिंदीच्या पाठ्यपुस्तकात हिंदी लेखक म्हणून वाचले, गुजरातेत ते गुजराती लेखक आहेत आणि त्यांचे मूळ घर मराठी. एकच माणूस तीन भाषांच्या तीन कपाटांत, आणि कोणत्याही कपाटाला दुसऱ्याची खबर नाही. आता निरनिराळ्या देशांतील राष्ट्रीय ग्रंथालये एका लेखकाच्या सर्व भाषांतील, सर्व लिप्यांतील नावांना एकच क्रमांक देऊन जोडतात. ते जुने ‘पाहा’ कार्डच आहे, फक्त ते आता लिपीची सीमा ओलांडते. आपल्या मुलांना दोन्ही लिप्या येतात. पुण्याच्या मुलाला जे काम जमणार नाही ते आपल्या आठवीच्या मुलाला जमेल.

इथवर पुस्तकाच्या नावाचे झाले. आता पुस्तकाच्या पोटातले. मजकूर युनिकोडमध्ये आला की संगणक त्यातला प्रत्येक शब्द मोजू शकतो. कल्पना नवी नाही. इटलीतील रोबेर्तो बुसा या धर्मगुरूंनी थॉमस अक्वायनास यांच्या समग्र लेखनातील एक कोटीहून अधिक शब्दांची सूची करायला घेतली आणि १९४९ साली आयबीएम कंपनीच्या प्रमुखांना गाठून छिद्रे पाडलेल्या कार्डांवर ते काम सुरू केले. पुरे व्हायला सुमारे तीस वर्षे लागली, छापील खंड छप्पन्न झाले. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. देशभरातल्या शेकडो पोथ्या ओळीला ओळ लावून तपासल्या, तेही संगणक नसताना. आज मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो. घरात नेट असलेल्या प्रत्येक पालकाने एकदा तरी मुलांसह तिथे आपल्या आजीचा एखादा शब्द टाकून पाहावा.

शब्द मोजून काय कळते? दहावीच्या मुलांबरोबर एक प्रयोग करून पाहिला. याच वार्तापत्राचे काही जुने अंक घेतले आणि ‘आणि’, ‘व’, ‘नि’ हे तीन शब्द कोणत्या लेखात किती वेळा येतात ते मोजायला सांगितले. लेखकाचे नाव झाकलेले. मोठे शब्द लेखक ठरवून वापरतो, पण हे बारके शब्द हातून आपोआप येतात. त्यावरून हात ओळखता येतो. २०१३ साली रॉबर्ट गॅलब्रेथ नावाने निघालेली कादंबरी हॅरी पॉटरच्या लेखिकेची आहे या संशयाला याच तंत्राने बळ मिळाले होते. आमच्या मुलांनी मोजणी चोख केली आणि मग एका मुलाने हात वर करून सांगितले की एका निनावी संपादकीयात ‘तथा’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, आणि आपल्या शाळेत ‘तथा’ फक्त सरच म्हणतात. वर्गात हशा पिकला. संपादकीय आमचेच होते. हिंदी अजून जात नाही.

मराठीत मोजणे इंग्रजीपेक्षा अवघड आहे हेही मुलांना तिथेच कळले. ‘घर’ शोधले की ‘घरात’, ‘घराला’, ‘घरांमधून’ सुटतात, आणि ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याने’ सापडतच नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचा चेहराच बदलतो. यासाठी संगणकाला व्याकरण शिकवावे लागते. मुंबईच्या आयआयटीत झालेला ‘मराठी शब्दबंध’ हे शब्दांचे अर्थसंबंध जोडणारे जाळे अशा कामाला उपयोगी पडते. व्याकरणाच्या तासाला ‘हे कशाला शिकायचे’ असे विचारणाऱ्यांसाठी आम्ही हे मुद्दाम नोंदवतो.

हे तंत्र आपल्या भागातील मजकुराला लावले तर काय निघेल, याची आम्हाला फार उत्सुकता आहे. ‘वनवास’मधला लंपन ज्या भाषेत विचार करतो ती भाषा बेळगावच्या हवेतली आहे, कन्नडच्या शेजारात वाढलेली. मराठीतले अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आले असे अभ्यासक मानतात. असे आणखी किती, कोणत्या गावात कोणते, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कोणते आणि खानापूरच्या शेतात कोणते, हे मोजून सांगता येईल. पण मोजायला मजकूर हवा, आणि संगणकात आहे तो मजकूर मुख्यत: पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांचा. आजची बोलणारी, लिहिणारी यंत्रे त्याच मजकुरावर शिकली आहेत. आपले मराठी त्यांच्या कानावरच पडलेले नाही.

आम्ही अशा एका यंत्राला विचारले, निपाणी भागातील जुन्या मराठी कवींची पुस्तके सांगा. त्याने क्षणात दहा नावे दिली, लेखक, प्रकाशक, साल सगळे. भाषा तर आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांतली एकूण एक आम्ही शोधली, दाखल नोंदवहीत पाहिली, दात्यांच्या काळातली दात्यांकडे पाहिली. सात नावे कुठेच मिळाली नाहीत. यंत्राने ती रचली होती. माहिती नाही असे सांगणे त्याला अवघड जाते. पण मग प्रश्न असा, की ती खोटी आहेत हे आम्ही कशावरून ठरवले? सूचीवरून. आणि सूचीतही नसलेले एखादे खरे पुस्तक त्या सातांत असेल, तर आम्ही त्यालाही खोटे ठरवले असणार. १९५६ नंतरच्या आपल्या पुस्तकांच्या बाबतीत ही शक्यता मुळीच लहान नाही, आणि या लेखातील आमची खरी चिंता हीच आहे.

त्याहून वाईट अवस्था हस्तलिखितांची. आपल्या शाळेत मुले वर्षानुवर्षे हस्तलिखित वार्षिक काढत आली. सुवाच्य अक्षरात लिहिलेले लेख, रंगीत खडूंची चित्रे, जाड पुठ्ठा. प्रत्येक वार्षिकाची जगात एकच प्रत. संमेलनासाठी बेळगावला आलेले पाहुणे, गावातली जत्रा, आजोबांच्या तोंडच्या म्हणी, कडोलीच्या साहित्य संमेलनाला सायकलवरून गेलेल्या मुलांचे वर्णन, असे पुष्कळ त्यांत आहे. गेल्या पावसाळ्यात तळच्या फळीवरील दोन अंकांना वाळवी लागली. एक पुरता गेला. छापील मजकूर संगणक आता बऱ्यापैकी वाचतो, पण मुलांचे हस्ताक्षर वाचताना तो अडखळतो. आधी चित्रे काढून ठेवावी लागतील, मग माणसांनी वाचून टंकावे लागेल. काही घरांतून मोडी कागदही निघतात. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, वाचणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत.

विश्वस्त मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे आहे की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत संगणक कक्ष करावा आणि तिथली जुनी रजिस्टरे, फाटकी पुस्तके व हस्तलिखिते यांची विल्हेवाट लावावी. संगणक कक्ष हवा, यात दुमत नाही. पालकांनी त्यासाठी देणग्या दिल्या आहेत. आमची विनंती एवढीच की क्रम उलटा करू नये. आधी प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि आतले पान यांची छायाचित्रे, नोंद, पडताळणी. मग काढून टाकण्याचा विचार. आणि दाखल नोंदवह्या कधीच नाहीत. एकदा आम्ही पेटी घालवली आहे. दुसऱ्यांदा तीच चूक करण्याइतके आमचे वय राहिलेले नाही.

खर्च फारसा नाही. एक साधा स्कॅनर, एक जादा हार्ड डिस्क, आणि तिची दुसरी प्रत शाळेबाहेर ठेवण्याची व्यवस्था. मनुष्यबळ मुलांचे. हक्काचा प्रश्न काही पालकांनी विचारला आहे. संपूर्ण पुस्तक सर्वांसाठी खुले करायचे तर लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे लोटावी लागतात. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या, त्यांच्या कविता आपल्याला तशा मांडता येणार नाहीत. पण पुस्तक आहे एवढे सूचीत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि आपल्याच विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांसाठी आपण त्यांना पत्र लिहून विचारू शकतो. बरेचसे आता आजोबा-आजी झाले आहेत आणि याच वार्तापत्राचे वाचक आहेत.

पालकांना एक काम सांगतो. घरी १९५६ नंतर बेळगाव, निपाणी, खानापूर या बाजूला छापलेले मराठी पुस्तक, संमेलनाची स्मरणिका, मंडळाचा विशेषांक, काहीही असेल तर दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते मुलाबरोबर ग्रंथालयात पाठवावे. अर्ध्या तासात नोंद करून तुमचे पुस्तक तुम्हाला परत मिळेल. फाटके असले तरी पाठवावे. मुखपृष्ठ नसले तर शेवटचे पान पाहावे, छापखान्याचे नाव पुष्कळदा तिथे असते. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचता येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. शिपाई मामांना आम्ही रोज एक तास त्या मुलांबरोबर बसायला सांगितले आहे. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते मामा सांगतील आणि मुले लिहून घेतील.

‘बनवास’ची नोंद दुरुस्त केली आहे. पुस्तक सध्या देवघेवीत आहे, परत येण्याची तारीख उलटून गेली आहे. संबंधित विद्यार्थिनीने वाचून झाले असल्यास आणून द्यावे, मागे तिघी जणी थांबल्या आहेत.

आपले,
मुख्याध्यापक